मुद्दा मान्य, सूर अमान्य

आमच्या वाचनालयात पुस्तकांना शिक्षा होते. चांगली धडधाकट, नवीकोरी पुस्तकं वाचनकक्षाच्या खिडकीच्या कट्ट्यावर भिंतीकडे तोंड करून उभी असतात. शेजारच्या टेबलावर मनगटी घड्याळ काढून ठेवलेलं असतं आणि घड्याळासमोर मुकुंद देवस्थळी हाताची घडी घालून बसलेले असतात. दहा मिनिटं झाली की ते उठतात, पुस्तक उचलतात आणि आतल्या लेखकाला विचारतात, "झालात शांत? चला, पुढे बोला."

नवा सभासद असला की घाबरून माझ्याकडे बघतो. मी काउंटरवरून हातानेच खूण करते, बसा, रोजचंच आहे.

ठाण्याच्या नौपाड्यातल्या या वाचनालयाचं काउंटर मी एकोणीस वर्षं सांभाळते आहे. इतक्या वर्षांत माणूस पायऱ्या चढताना दिसला की त्याला काय हवंय हे मला कळतं. कादंबरीवाले वेगळे, दिवाळी अंकवाले वेगळे, पंख्याखाली बसून फुकटात पेपर वाचणारे तर लांबूनच ओळखू येतात. देवस्थळी काका पूर्वी प्रवासवर्णनं वाचायचे. हिमालयात जाऊन यायचे, पुस्तक वेळेवर परत करायचे आणि कधी कुणाला काही बोलायचे नाहीत. दीडेक वर्षापूर्वी एकाएकी त्यांचं वळण बदललं. झोप का लागते, मुंग्या रांगेत का चालतात, अफवा कशा पसरतात, शहरं कशी सुजत जातात, असली माहितीची आणि विचारांची पुस्तकं ते मागायला लागले. आणि त्यातही त्यांची एक अट होती. लेखक उद्धट पाहिजे.

ही अट त्यांनी कधी बोलून दाखवली नाही. मला ती कळायला तीन-चार महिने लागले. एकदा मी आपणहून त्यांच्यासाठी मधमाश्यांवरचं एक पुस्तक काढून ठेवलं होतं. लेखक इतका नम्र, की पानापानावर मधमाश्यांची माफी मागत होता. काकांनी अर्ध्या तासात ते परत आणून दिलं.

"का हो? आवडलं नाही?"

"फार सज्जन माणूस आहे. माझ्या काय उपयोगाचा?"

मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याला भांडायला कोणीतरी हवंय. मग मीही खजिना उघडला. प्रस्तावनेतच 'या विषयावर आजवर लिहिलं गेलेलं सगळं रद्दी आहे' असं जाहीर करणारे, 'हे बहुतेकांच्या डोक्यावरून जाईल' असं दर तिसऱ्या पानावर बजावणारे, स्वतःचंच वाक्य स्वतःच पुन्हा उद्धृत करणारे, असे लेखक मी शोधून शोधून त्यांना देऊ लागले. असे लेखक भरपूर असतात, हे मला तेव्हा कळलं. आणि दुःखाची गोष्ट अशी, की त्यातले पुष्कळजण मुद्द्याचं बोलतात.

काकांचंही तेच म्हणणं. वाचता वाचता ते एकदम पुस्तक मांडीवर ठेवायचे आणि अख्ख्या वाचनकक्षाला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल द्यायचे, "मुद्दा मान्य, सूर अमान्य!"

चालण्यावरच्या एका पुस्तकात लेखकाने लिहिलं होतं, की रोज दोन तास न चालणारी माणसं विचार करत नाहीत, नुसती बसल्या जागी पिकतात. काका खवळले. "पिकतात? आम्ही काय आढीतले आंबे आहोत?" पुस्तक वीस मिनिटं खिडकीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर येताना बघते, तर काका तलावपाळीला फेऱ्या मारतायत. पांढरे बूट, डोक्यावर टोपी आणि ओठ हलतायत. मला वाटलं, नामस्मरण चाललंय. जवळ गेल्यावर ऐकू आलं, "पिकतात म्हणे! मूर्ख माणूस. पिकतात!" तीन फेऱ्या झाल्या की ते घरी जायचे. महिन्याभराने गुडघा बरा झाला, हेही त्यांनी प्रामाणिकपणे त्या लेखकाला पुस्तक बंद करून सांगितलं.

झोपेवरच्या पुस्तकाची तर कमालच. दुपारी झोपणारा समाज कधी वर येत नाही, असं त्यात म्हटलं होतं. आता नौपाड्यात हे असं बोलायचं? इथे दुपारी एक ते चार दुकानांच्या फळ्यासुद्धा झोपतात, आमचं वाचनालयही साडेबारा ते साडेचार बंद असतं. काकांनी त्या लेखकाला भिंतीकडे वळवलं, घरी जाऊन मस्तपैकी झोप काढली, आणि साडेचारला परत येऊन त्याची शिक्षा संपवली.

हे सगळं कुठून आलं, ते समजायला काकांची नोकरी माहीत पाहिजे. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत ते तेहतीस वर्षं पत्रव्यवहार बघायचे. साहेब तोंडाचा फाटका. तो केबिनमधून ओरडायचा आणि काका ते ओरडणं टाइपरायटरवर बसून सभ्य करायचे. "त्या भामट्याला लिहा, माल सडका निघाला, पुन्हा दारात उभा करणार नाही," असं साहेब म्हणाला, की काका लिहायचे, 'आपणांकडून आलेला माल आमच्या अपेक्षेस पूर्णतः उतरला नाही, हे कळविताना खेद होतो. यापुढे आपल्या भेटीचा योग येईलच असे नाही.' साहेब न वाचता सही ठोकायचा. तेहतीस वर्षांत कंपनीच्या पत्रावर एकही माणूस रागावला नाही, हे काका छाती फुगवून सांगतात. त्या भामट्याने तर उलट आभाराचं पत्र पाठवलं, आणि पाठोपाठ तसल्याच मालाचा आणखी एक ट्रक. हे सांगताना काका अजिबात हसत नाहीत. त्यांच्या मते चूक त्या माणसाची. "'येईलच असे नाही' याचा अर्थ माणसाला कळायला नको?"

ऑफिसची ही सवय त्यांनी निवृत्तीच्या दिवशी टेबलावर ठेवून यायला हवी होती. पण ती आधीच घरी पोचलेली होती. त्यांची बायको, सुमनकाकू, मोकळ्या तोंडाची आणि मोठ्या आवाजाची बाई. दिवाळी अंकांसाठी यायच्या तेव्हा जिन्यातूनच यादी सांगत चढायच्या. त्या रागावून काही म्हणाल्या, की काका शांतपणे म्हणायचे, "सुमन, हेच जरा नीट सांग, मग ऐकतो." मी स्वतः ऐकलंय हे, आमच्याच जिन्यात. तेव्हा मला त्याची गंमत वाटली होती, आणि मी ती घरी जाऊन सांगितलीही होती. काकूंना जाऊन आता चार वर्षं झाली.

त्यांची एकुलती एक मुलगी अनघा, घोडबंदर रोडला तेविसाव्या मजल्यावर राहते. दीड वर्षापूर्वी तिने वडिलांना चार पानी पत्र लिहिलं. फोन नाही, मेसेज नाही, हाताने लिहिलेलं पत्र. त्यात काय होतं ते मला माहीत नव्हतं. एवढंच ठाऊक होतं, की तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद आहे. एकदा न राहवून मी विषय काढला.

"मुद्दे असतील तिचे बरोबर," काका म्हणाले. "पण वडिलांना असं लिहितात? नीट लिही म्हटलं, मग उत्तर देतो."

"तसं कळवलंत की काय तिला?"

"कळवलं ना. एका ओळीत."

मी कपाळावर हात मारून घेतला. नौपाड्यातून घोडबंदरला सकाळी लवकर निघालं तर पाऊण तास पुरतो. तेवढं अंतर दीड वर्षात दोघांपैकी कोणीही कापलं नव्हतं. काका शहात्तर वर्षांचे. पोळ्या करणाऱ्या बाई, इस्त्रीवाला आणि आमचं वाचनालय, एवढाच काय तो त्यांचा गोतावळा. ही दोघं अशीच अबोल राहिली तर पुढे काय, या विचाराने मला खरंच वाईट वाटायचं. पण सांगणार कोण? माझ्या स्वतःच्या सुराची ख्याती पार स्टेशनपर्यंत पोचलेली आहे.

त्या सुरावरही काकांनी एकदा हात फिरवला होता. 'गप्प बसा, बोलायचं असेल तर बाहेर जा' अशी मी लिहिलेली पाटी त्यांना बघवेना. त्यांनी नवी पाटी करून आणली, 'आपल्या मौनाबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत.' चपला बाहेर काढण्याच्या पाटीचं झालं, 'आपल्या पादत्राणांना दाराशी थोडी विश्रांती द्यावी.' आणि पुस्तकं वेळेत परत करण्याविषयी, 'हे पुस्तक आपल्या घरी रमले असल्यास हरकत नाही; मात्र दुसरेही कोणी त्याची वाट पाहत आहे.' अक्षर तर असं, की फ्रेम करून लावावं. सभासदांनी भरभरून कौतुक केलं. नंतर महिनाभर लोक गप्पा मारत होते, चपला घालून आत येत होते, आणि पुस्तक मागितलं की म्हणायचे, "हरकत नाही असं तुम्हीच लिहिलंय की!" मी गुपचूप माझ्या जुन्या पाट्या परत लावल्या. काका दोन दिवस माझ्याशी नुसते 'हो-नाही'पुरतं बोलले.

मग चिठ्ठ्या सुरू झाल्या. आधी ते पुस्तकाच्या समासातच पेन्सिलीने लेखकाला समज देत असत. मी ते पकडलं आणि झापलं. काकांनी मान खाली घालून ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांचे कापून केलेले तुकडे घेऊन आले. लेखक जिथे अंगावर येईल तिथे काका तोच मजकूर सभ्य भाषेत लिहून चिठ्ठी ठेवायचे. वर लिहिलेलं असायचं 'शुद्ध प्रत', खाली 'मु. दे.'

एका लेखकाने लिहिलं होतं, 'ज्यांना हे पटत नाही त्यांनी पुस्तक मिटावं आणि आपल्या अज्ञानात सुखी राहावं.' काकांची चिठ्ठी म्हणत होती, 'वाचकहो, हे एकदम पटणार नाही. मलाही दोनदा वाचावे लागले. चहा घेऊन पुन्हा या, लेखक इथेच आहे.' चिठ्ठी वाचून मलाच ते पुस्तक वाचावंसं वाटलं. हळूहळू सभासद येऊन विचारायला लागले, "मु. दे. असलेलं काही आहे का?" राम मारुती रोडवरच्या एक बाई तर फक्त चिठ्ठ्या वाचून पुस्तक परत करायच्या आणि मला पुस्तकाचा सारांश सांगायच्या. मी म्हटलं, चाललंय ते चांगलंच चाललंय. लोक वाचतायत, काका रमलेत.

इथे माझं जरा चुकलं.

नद्या आणि खाड्यांवरचं एक पुस्तक आमच्याकडे आलं. त्याचा लेखक इतका चिडलेला, की टेबलावर मुठी आपटत लिहिलंय असं वाटावं. काकांना मेजवानीच. तीन आठवडे पुस्तक त्यांच्याकडे होतं. नऊ वेळा शिक्षा झाली आणि परत आलं तेव्हा चिठ्ठ्यांनी फुगलेलं होतं. पुढचा नंबर होता रंजनाताईंचा. रंजनाताई चेंदणी कोळीवाड्यातल्या, शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचं वाचन दांडगं आणि बोलणं थेट. चार दिवसांनी सकाळी त्या आल्या आणि त्यांनी पुस्तक काउंटरवर आपटलं.

"शुभदा, हा मु. दे. कोण?"

मी पंख्याकडे बघायला लागले. पण काका समोरच बसलेले होते. ते उठून उभे राहिले, शर्ट सारखा केला आणि हात जोडून म्हणाले, "मी. नमस्कार."

"तुम्ही होय! बसा, बसा. नाही, उभेच राहा." त्यांनी खूण करून ठेवलेलं पान उघडलं. "लेखक काय म्हणतो ऐका. 'खाडी मेली नाही, खाडी मारली. आणि मारणाऱ्यांत तुम्हीही आहात, हे पुस्तक हातात धरून स्वतःला निर्दोष समजणारे तुम्ही.' आता तुमची चिठ्ठी. 'खाडीच्या स्वच्छतेकडे आपणां सर्वांचे अधिक लक्ष असते तर बरे झाले असते.' हे काय आहे?"

"मुद्दा तोच आहे," काका नम्रपणे म्हणाले. "फक्त सूर..."

"मुद्दा तोच? अहो, माझे बाबा या खाडीत होडी घालायचे. कोळंबी, निवट्या, चिंबोऱ्या, आमच्या दारात ढीग असायचा. माझ्या डोळ्यांदेखत गेलं सगळं. शेवटी शेवटी बाबा जाळं मांडीवर घेऊन नुसते काठावर बसून असायचे. आणि तुम्ही लिहिताय, 'बरे झाले असते'?" त्यांचा आवाज चढला आणि शाळेतली भाषा सुटून घरातली आली. "जिवाला लागलं का मानूस वरडनारच! हा लेखक वरडतो म्हनून तर मला वाटलं, आमच्याएवढं कुनाला तरी लागलंय. तुम्ही त्याचं लागलेलंच पुसून टाकलंत!"

वाचनकक्षात कुणीही पान उलटेना. मला वाटलं, आता काकांचा निकाल येणार. आला नाही. ते काउंटरपाशी आले, पुस्तकातली एकेक चिठ्ठी काढली, सगळ्या नीट जुळवून खिशात घातल्या, रंजनाताईंना म्हणाले, "चुकलं माझं," आणि जिना उतरून गेले. रंजनाताईंचा राग तिथेच ओसरला. "जास्त बोलले का गं मी?" असं त्यांनी मला तीनदा विचारलं.

काका तीन दिवस फिरकले नाहीत. मी फोन केला, तर "येतो" एवढंच म्हणाले. चौथ्या दिवशी बरोबर सव्वाबाराला, मी पंखे बंद करत होते तेव्हा ते दारात उभे.

"शुभदाताई, बंद झाल्यावर मला पंधरा मिनिटं द्याल?"

शेवटचा सभासद गेल्यावर मी दार आतून ओढून घेतलं. काकांनी पिशवीतून दोन पाकिटं काढून टेबलावर ठेवली. एक अनघाचं. दुसऱ्यावर काकांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'शुद्ध प्रत'.

"सातवी आहे," ते म्हणाले. "आधीच्या सहा फाडल्या. ही वाचा."

मी वाचली. त्यात एका मुलीने वडिलांना कळवलं होतं, की आईच्या प्रकृतीकडे आपले लक्ष अधिक असते तर बरे झाले असते. सुंदर पत्र होतं. ट्रकभर सडका माल पाठवणाऱ्यालाही आवडलं असतं.

"काका, हे अनघाने लिहिलेलंच नाही," मी म्हटलं.

"तेच म्हणतोय. रंजनाताईंच्या खाडीचं केलं तेच मी हिचंही करत बसलोय." त्यांनी चष्मा काढला. "तुम्हाला वाटत असेल, या म्हाताऱ्याला उद्धट लेखकांशी भांडायला आवडतं. अजिबात नाही. माझं डोकं दुखतं त्यांना वाचून. पण म्हटलं, सवय करावी. समोरचा कसाही बोलला तरी त्यातलं खरं तेवढं ऐकून घ्यायची सवय. या वयात एकदम घरच्यांवर जमणार नाही, आधी परक्यांवर शिकावं. दीड वर्ष शिकतोय. त्या चालणाऱ्याचं ऐकलं, त्या झोपवाल्यालासुद्धा शेवटपर्यंत वाचलं. पण हिचं पत्र हातात घेतलं, की वाचतावाचताच त्याची शुद्ध प्रत होते डोक्यात. तिचा राग मला ऐकूच येत नाही हो."

मी इतके दिवस याला म्हाताऱ्याची हौस समजत होते आणि माणूस शिकवणी लावून बसला होता.

"तुम्ही वाचून दाखवाल मला?" काकांनी विचारलं. "मोठ्याने. तुमच्या नेहमीच्या सुरात."

"नेहमीच्या म्हणजे?"

"म्हणजे... उशिरा पुस्तक आणणाऱ्यांशी बोलता तो."

एरवी मी यावर दोन दिवस रुसले असते. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी पत्र हातात घेतलं. पहिली ओळ मी आपली हळूच वाचली.

"असं नाही," काका म्हणाले. "ती रागावलेली आहे. रागाने वाचा."

मग मी वाचलं. भर दुपारी, रिकाम्या वाचनालयात, 'गप्प बसा'च्या पाटीखाली उभी राहून मी एका शहात्तर वर्षांच्या गृहस्थावर ओरडत होते आणि ते गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते.

"'बाबा, आई ओरडायची कारण तिला दुखायचं. तुम्ही म्हणायचात, नीट सांग. मग ती बिचारी नीट सांगायला शिकली. शेवटच्या वर्षी किती हळू बोलायची, आठवतंय? तुम्ही सगळ्यांना सांगत होतात, सुमन आता किती शांत झालीय. ती शांत नव्हती झाली, बाबा. तिने तुम्हाला सांगणंच सोडून दिलं होतं. दुखायला लागलं की मला फोन करायची, आणि वर मलाच सांगायची, बाबांना काही बोलू नकोस, त्यांना मोठा आवाज सोसत नाही.'"

मी थांबले.

"पुढे," काका म्हणाले.

"काका, पाणी घेता का?"

"पुढे वाचा."

मी चारही पानं वाचली. शेवटच्या ओळीत अनघाने लिहिलं होतं, आता मला हळू बोलायला सांगू नका, मी आई नाही. मी पत्राची घडी घातली तरी काका तसेच बसून होते, अजून काही राहिलंय का, याची वाट बघत असल्यासारखे. मग म्हणाले, "सुमनला खरंच दुखत होतं." हे ते मला सांगत नव्हते. मी माठातलं पाणी आणून दिलं, ते त्यांनी एका दमात प्यायलं. मग त्यांनी सातवी शुद्ध प्रत माझ्याकडे सरकवली आणि रद्दीत टाकायला सांगितली.

"घोडबंदरला जायला हल्ली बस कुठून मिळते?" त्यांनी विचारलं. जन्म ठाण्यात गेलेला माणूस मला हे विचारत होता.

"आधी फोन तर करा तिला."

"फोनवर ती बोलायची नाही. आणि बोललीच, तर मी पुन्हा घोळ घालीन. समोर बसूनच ऐकायला पाहिजे."

मी त्यांना खाली नेऊन रिक्षात बसवलं. वाटेत पडतील, धडपडतील, ती दार उघडणार नाही, असं काय काय माझ्या मनात येत होतं. त्या दुपारी मी घरी जाऊन जेवलेही नाही. साडेचारला वाचनालय उघडलं आणि आठ वाजेपर्यंत जिन्याकडे बघत होते. काका आले नाहीत. फोनही नाही. दोन सभासदांना मी विनाकारण झापलं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला आले. कालचाच शर्ट, दाढीचे खुंट वाढलेले, डोळे सुजलेले. मी काउंटर सोडून बाहेरच आले.

"काय झालं?"

"दार उघडलं आणि उंबऱ्यावरच सुरू झाली," काका म्हणाले. "चपलासुद्धा काढू दिल्या नाहीत. दोन तास."

"आणि तुम्ही?"

"मी बसलो. एकदा 'नीट' हा शब्द पार ओठांपर्यंत आला होता. पाण्याबरोबर गिळला." ते खुर्चीवर टेकले. "मग तिचं बोलून संपलं. मग जरा रडली. मग म्हणाली, आता रात्रीचं जेवून इथेच झोपा. वाढताना काय भांडी आपटत होती हो! डाव पातेल्यावर, झाकण ओट्यावर, ताट माझ्यासमोर. अगदी सुमनसारखी. मी दोनदा भात मागून घेतला, नुसता तो आवाज ऐकायला."

ते हसत होते. हसता हसता थांबले, रुमाल काढला आणि चष्म्याची काच पुसत बसले. पुसून झाली तरी पुसत होते.

"चार वर्षं माझ्या घरात कोणी भांडं आपटलेलं नाही, शुभदाताई. इतकं शांत असतं घर, की नको वाटतं परत जायला."

मी इकडेतिकडे बघून डोळे पुसले. खरं सांगायचं तर मला त्या माणसाच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला, पण आमच्याकडे तशी पद्धत नाही. म्हणून मी नुसतंच विचारलं, "मग? आता मिटलं ना सगळं?"

"छे, इतक्यात कुठलं मिटतंय," काका म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा फुलला, की मी एकोणीस वर्षांत तसा पाहिला नव्हता. "रविवारी पुन्हा बोलावलंय. तिचं अजून बरंच बोलायचं राहिलंय म्हणे."